चौकापासून कागदापर्यंत : वारल्यांच्या फुरसतीचा इतिहास

१७६१ साली पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात भरलेल्या प्रदर्शनात एका चित्रापुढची गर्दी हटत नव्हती. झाँ-बाप्तिस्त ग्रझ या चित्रकाराने एका खेड्यातला साखरपुडा रंगवला होता. म्हातारा बाप भावी जावयाला हुंड्याची थैली देऊन चुकला आहे, आई आणि धाकटी बहीण नवरीला बिलगल्या आहेत, टेबलाशी बसलेला लेखनिक करारनामा करतो आहे आणि खाली फरशीवर एक कोंबडी पिल्लांना घेऊन दाणे टिपते आहे. दिदेरोसारखा नावाजलेला समीक्षकही त्या गर्दीतून वाट काढत चित्रापर्यंत पोचला आणि त्याने त्याची तोंड भरून स्तुती केली.

या कौतुकाला एक पार्श्वभूमी होती. फ्रेंच अकादमीने चित्रांची उतरंड लावून ठेवली होती. देवदेवता, पुराणकथा आणि राजेरजवाड्यांचे पराक्रम सर्वांत वर. साध्या माणसांचं रोजचं जगणं, त्यांचं खाणंपिणं, खेळ, नाचगाणी बरीच खाली. तरीही अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये याच खालच्या पायरीवर उत्तम चित्रकार उभे राहिले. वात्तोने बागेत रमलेली, गाणीबजावणी करणारी माणसं रंगवली. शार्दँने स्वयंपाकघरातली मोलकरीण, पत्त्यांचं घर रचणारा मुलगा, जेवणाआधी प्रार्थना करणारी लेकरं रंगवली. आज त्या काळातला फ्रेंच माणूस दुपारी काय करायचा, कोणत्या पेल्यातून काय प्यायचा, हे कळतं त्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे.

त्याच शतकात उत्तर कोकणातही लग्नं होत होती, नाच रंगत होते, जत्रा भरत होत्या. १७३९ साली मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत मराठा सरदार बाजी भीवराव पडले. त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगिजांची सत्ता इथून उठली. या मोहिमांची पत्रं आहेत, बखरी आहेत. पण तारापूरपासून पूर्वेला, जंगलाच्या कडेने पाड्यापाड्यांत राहणाऱ्या वारली आदिवासींचं त्या कागदांत काय आहे? पुढच्या दोन शतकांतही सरकारी दप्तरात वारली आला तो बहुधा कुळ म्हणून, वेठबिगार म्हणून, कर्जदार म्हणून किंवा जंगलचा कायदा मोडणारा आरोपी म्हणून. त्याच्या कष्टाची, कर्जाची आणि गुन्ह्याची नोंद झाली. तो हसतो कधी, नाचतो कधी, कोणाबरोबर बसून ताडी पितो, याची नोंद दप्तराने ठेवली नाही. ती वारल्यांनी स्वतः ठेवली, घराच्या भिंतीवर. पालघर जिल्ह्याच्या इतिहासात या भिंतींना अस्सल दस्तऐवजाचं स्थान मिळायला हवं.

हा दस्तऐवज टिकाऊ मात्र नव्हता. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, वर गेरूचा हात. अशी भिंत काही पावसाळे काढते आणि मग नव्याने लिंपावी लागते. जुनं चित्र नव्या लेपाखाली जातं. त्यामुळे अठराव्या शतकातला एकही चौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचं चित्र, आज पाहायला मिळत नाही. वारली चित्रं हजारो वर्षं जुनी असल्याचं सर्रास सांगितलं जातं आणि त्यासाठी भीमबेटकाच्या गुहांतल्या चित्रांकडे बोट दाखवलं जातं. दोन्हीकडच्या आकृत्यांत साम्य दिसतं हे खरं, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. चित्र किती जुनं यापेक्षा ते कोण, कधी आणि कशासाठी काढत असे, हे अधिक खात्रीने सांगता येतं.

चित्र काढायच्या त्या बायका. लग्नघरी सुवासिनी जमायच्या, तांदूळ भिजवून वाटायच्या, त्या पातळ पांढऱ्या पिठात बांबूची चावून मऊ केलेली काडी बुडवायच्या आणि आतल्या भिंतीवर चौक लिहायच्या. आधी चौकट, मग तिच्या काठाने नक्षीच्या पट्ट्या आणि मधोमध पालघट देवी. पालघट ही सुफलतेची देवता. भरल्या घटातून अंकुर वर यावेत तशी तिची कल्पना. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव, त्याच्या धडातून अंकुर फुटलेले. वर सूर्य आणि चंद्र. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, ही वारल्यांची श्रद्धा. लग्नाचे विधी चालवते ती धवलेरी, म्हणजे बाईच. तिची गाणी चालू असताना चौक पुरा होतो. लग्नात ब्राह्मण नसतो. भगताच्या अंगात येतं, देवांना आवाहन होतं आणि त्या भिंतीसमोर नवरानवरी संसाराला लागतात.

चौकटीच्या आत देवी बसते. इतिहासाच्या दृष्टीने खरी गंमत चौकटीच्या बाहेर आहे. तिथे वऱ्हाड आहे, घोड्यावर बसलेले नवरानवरी आहेत, वाजंत्री आहेत, नाचणाऱ्यांची रांग आहे, ताडावर चढलेला माणूस आहे, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया आहेत, झाडं, कोंबड्या, वासरं आहेत. देवीचा मान राखून बाकीच्या जागेत सुवासिनींनी आपला पाडा बसवला. ग्रझच्या चित्रात साखरपुड्याच्या खोलीत कोंबडी शिरली, तशी इथेही ती सहज शिरली. फरक एवढाच की ग्रझचं ते चित्र प्रदर्शनात लागलं आणि राजाच्या इमारतींचा कारभार पाहणाऱ्या मारिन्यीने ते विकत घेतलं. इथे चित्राला गिऱ्हाईक नव्हतं आणि चित्रकर्तीचं नाव विचारणारंही कोणी नव्हतं.

ग्रझने हुंड्याची थैली आणि करारनामा चित्रात ठळकपणे दाखवला. वारली चौकात पैशाचा व्यवहार कुठेच दिसत नाही. प्रत्यक्षात तो होता, आणि अतिशय क्रूर होता.

लग्नाला खर्च लागे. धान्य, ताडी, कापड, वऱ्हाडाचं जेवण. हातात पैसा नसलेला तरुण जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून रक्कम घेई आणि तिच्या फेडीसाठी त्याच्याकडे राबायला लागे. याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण हिशोब सावकाराच्या वहीत असे. बऱ्याचदा नवऱ्याबरोबर बायकोही त्याच घरी राबे आणि गुलामी आयुष्यभर चाले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात या वेठीची आणि जुलमाची नोंद आहे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लग्नगड्यांची अवस्था जवळून पाहून लिहिली. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

खर्चामुळे अनेक जोडपी लग्न न लावता एकत्र संसार करत आणि पुढे केव्हातरी, ऐपत आली की, मांडव घालत. कधी कधी बापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागे. बाहेरच्या लोकांनी याकडे नैतिकतेचा चष्मा लावून पाहिलं. वारल्यांच्या दृष्टीने तो साधा हिशोब होता : संसार माणसांचा असतो आणि मांडव समाजाचा, समाजाला जेवू घालता येईल तेव्हाच तो घालायचा.

हे ध्यानात घेतलं की चौकातल्या आनंदाचं मोल कळतं. भिंतीवर नाचणाऱ्या या माणसांपैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी सावकाराच्या वाडीत गवत कापायला जाणार होते. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत बंद करण्याचा निर्धार झाला. किसान सभेच्या लाल बावट्याखाली लढा पेटला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. वारली चळवळीच्या इतिहासात ही तारीख आजही पाळली जाते. लढ्याची मागणी मजुरीची आणि माणसासारख्या वागणुकीची होती. पण माणूस आपल्या दिवसाचा मालक झाला की आपल्या संध्याकाळचाही होतो, हे त्या मागणीतच आलं.

वारल्यांच्या फुरसतीला पंचांग आहे आणि ते भाताबरोबर चालतं. पावसाळ्यात कांबड नाच. भाद्रपदाच्या सुमारास बायकांचा गौरीनाच. भात तयार होऊ लागलं की तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, बाहेर निघतो आणि नव्या धान्याची पूजा झाली की रात्री जागू लागतात. कणसरी ही धान्याची देवी. तिच्या कथा गाऊन सांगतात. दिवाळीच्या आधी वाघबारस येते, वाघदेवाची पूजा होते. एकेकाळी या डोंगरांत वाघ खरोखर फिरत होता आणि गुराख्याला त्याच्याशी तह करूनच राहावं लागे. पुढे शिमगा. मग जव्हार-मोखाड्याकडे मुखवटे घालून बोहाडा रंगतो. चैत्री पौर्णिमेला डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे इथे महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, ती पंधरवडाभर चालते. मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी गडावर चढून ध्वज लावतो. पालघर, तलासरी, विक्रमगड आणि पलीकडच्या गुजरातेतूनही माणसं येतात. पावसाळ्यासाठीची सुकी मासळी आणि मसाला, बांगड्या, कपडे असा वर्षाचा बाजार होतो, पाळणे फिरतात, दूरच्या पाड्यांवरचे सोयरे भेटतात आणि सोयरिकीची बोलणीही निघतात. देव, बाजार आणि करमणूक एकाच मैदानात असतात.

यात ताडीचं स्थान मोठं. वारली चित्रात ताडाचं झाड हमखास असतं. बुंध्यावर चढणारा माणूस, शेंड्याला बांधलेलं मडकं, खाली वाट पाहणारे दोघंतिघं. पाहुणा आला तर ताडी, देवाला ताडी, पंचायत बसली तर ताडी. मोहाच्या फुलांची दारूही देवकार्यात लागे. इंग्रज सरकारला यात महसूल दिसला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर झाडागणिक कर बसला. १८९२च्या मोहडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जमवण्या-बाळगण्यावर निर्बंध आले. जंगल कायद्यांनी शिकार आणि लाकूडतोड आधीच आवळली होती. कर न भरता घरापुढच्या झाडाचा रस काढणं गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्याने तोच धाक पुढे चालू ठेवला. दारूने घरं उद्ध्वस्त झाली, हेही खरं. आदिवासी भागातल्या स्त्रियांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आहे. पण अबकारी खात्याचा मूळ हेतू तिजोरी भरण्याचा होता. भिंतीवरचा तो ताडावर चढणारा माणूस शतकभराच्या या इतिहासाचा साक्षीदार आहे.

आणि मग तारपा. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेणाने बुजवलेल्या फटी, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात. रांगेच्या टोकाला असलेल्याच्या हातात घुंगुरकाठी. ती जमिनीवर आपटली की पावलांना ताल मिळतो. तारपकरी चाल बदलतो तशी पावलं बदलतात. तो वळेल तिकडे रांग वळते आणि त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. पहाट होईपर्यंत फेर मोडत नाही; दमलेला बाहेर पडतो, दुसरा त्याच्या जागी हात गुंफतो.

चित्रात हा फेर वर्तुळ न होता सर्पिल होतो. एक टोक आत वळलेलं, दुसरं मोकळं. त्रिकोणावर उलटा त्रिकोण ठेवून झालेली शरीरं पुढे झुकलेली, पाय उचललेले, डोक्याचं वर्तुळ एका बाजूला कललेलं. चेहरे नाहीत, तरी बायका त्यांच्या अंबाड्यावरून लगेच कळतात. तारपकरी मध्यभागी असला तरी इतरांपेक्षा फारसा मोठा काढलेला नसतो.

याच्या शेजारी फ्रेंच चित्रांतली फुरसत ठेवून पाहा. वात्तोच्या १७१७ सालच्या गाजलेल्या चित्रात प्रेमाच्या बेटावर जोडपी रेंगाळली आहेत. रेशमी कपडे, लांब सावल्या, निघायची कोणालाच घाई नाही. फ्रागोनारच्या १७६७च्या झोक्याच्या चित्रात तरुणी उंच झोका घेते, तिची चप्पल हवेत उडते आणि मागे अंधारात एक म्हातारा दोर ओढत असतो. द त्रॉयने १७३५ साली व्हर्सायच्या राजवाड्यासाठी मेजवानीचं चित्र रंगवलं; कालवं खाणाऱ्या सरदारांच्या डोक्यावर शँपेनचं बूच उडालं आहे आणि नोकर ताटं पुरवत आहेत. या चित्रांतली फुरसत देखणी आहे, पण ती कोणाच्या तरी राबण्यावर उभी आहे. शार्दँ त्या राबणाऱ्यांकडे वळला, त्याने पाणी भरणाऱ्या, बाजारातून पाव आणि मांस घेऊन आलेल्या मोलकरणी रंगवल्या. मात्र त्याच्या चित्रात त्या कामातच असतात. त्यांचा स्वतःचा नाच कुठे दिसत नाही.

वारली चित्रात राबणारा आणि नाचणारा एकच आहे. एकाच भिंतीवर तो वरच्या बाजूला नांगर धरतो, मध्ये मासे पकडतो आणि खाली फेरात पाऊल टाकतो. काम आणि करमणूक यांच्यामध्ये रेषही मारलेली नसते. कुळवाडीच्या आणि वेठीच्या काळात सगळा दिवस दुसऱ्याच्या ताब्यात असताना या समाजाने आपली रात्र, आपला फेर आणि आपली भिंत स्वतःकडे ठेवली. ही गोष्ट कोणत्याही अहवालात सापडत नाही.

भिंतीवरून कागदावर हे चित्र आलं १९७०च्या दशकात. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने हस्तकला क्षेत्रात काम करणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीला गेले होते आणि तिथल्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. पुढे ते डहाणू तालुक्यात आले, गंजाडच्या परिसरात राहिले, वारल्यांमध्ये मिसळून गेले. त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. १९३४ साली जन्मलेल्या जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं. सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगत. चौक लिहिणं हे बायकांचं काम, पण हा मुलगा पुरुष असूनही चित्र काढतच राहिला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी गंजाडला त्यांचं निधन झालं.

कागदावर येताच चित्राचा विषय बदलला. चौक लग्नासाठीच असतो. कागदाला तसं बंधन नाही. जिव्यांनी नदीवर टाकलेलं मासेमारीचं जाळं काढलं, इतकं मोठं की त्याच्या बारीक विणीने सगळा कापड-कागद भरून गेला आणि मच्छीमार एका कोपऱ्यात इवलासा उरला. त्यांनी मुंग्यांचं वारूळ, भाताचं खळं, गुरांचे कळप, बाजाराची वाट काढली. पाड्यातल्या कथा, भुताखेतांच्या गोष्टी, शिकारीचे प्रसंग आले. नंतरच्या चित्रकारांनी आगगाडी, सायकल, एसटी, विमान आणलं. देवीच्या चौकटीबाहेर जी माणसं गर्दी करून उभी होती, त्यांना आता स्वतंत्र चित्र मिळालं. फ्रान्समध्ये पुराणकथांच्या छायेतून रोजचं जगणं मोकळं झालं, तसंच काहीसं इथे विसाव्या शतकात घडलं आणि ते घडवणारी माणसं स्वतः त्या जगण्यातली होती.

या बदलाची किंमतही ध्यानात घ्यायला हवी. भिंतीवर बायका लिहीत. कागदावर सही आली ती बहुतांशी पुरुषांची. शतकानुशतकं ही चित्रभाषा घडवणाऱ्या सुवासिनींची नावं जवळजवळ मिळतच नाहीत. यशोधरा दालमिया यांनी वारल्यांच्या चित्रविश्वावर १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चौक, धवलेरी आणि लग्नविधी यांचा सविस्तर अभ्यास आहे. त्याआधी १९४५ साली के. जे. सावे यांनी वारल्यांवर पुस्तक लिहिलं होतं. असे अभ्यास थोडे आहेत. मराठीत तर फारच थोडे.

१९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने आणि ला व्हिलेतच्या दालनाने मिळून एक मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. जगभरातले नामवंत आधुनिक चित्रकार आणि आजवर ‘लोककलाकार’ म्हणून बाजूला ठेवलेले कलावंत त्यात एकाच पंक्तीला बसले. त्यांत गंजाडचे जिव्या सोमा मशे होते. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. १७६९ साली पॅरिसच्या अकादमीने ग्रझला इतिहासचित्रकाराचा दर्जा नाकारून खालच्या पायरीवरच बसवलं होतं. दोनशेवीस वर्षांनी त्याच शहरात एका वारली माणसाच्या चित्रांना मानाची जागा मिळाली.

इकडे पालघरमध्ये काय झालं? १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. बोईसरला लागून औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. त्यांच्याबरोबर तीन पाळ्यांचं वेळापत्रक आलं. रात्रपाळीला जाणारा तरुण तारप्याच्या फेरात पहाटेपर्यंत राहू शकत नाही. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, जमिनीचे भाव वाढले, चाळी आणि इमारती पाड्यांना येऊन भिडल्या. घरं सिमेंटची झाली. पक्कं घर ही चांगलीच गोष्ट आहे. गळक्या कुडात कोणी राहावं, असं म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. मात्र चौक लिहायला शेणामातीची भिंत लागते. आता पुष्कळ ठिकाणी लग्नापुरता भिंतीचा तुकडा गेरूने सारवून किंवा कापडावर चौक काढतात. लग्नात तारप्याच्या जागी डीजे येतो.

दुसरीकडे तारप्याचा फेर सगळीकडे पसरला आहे. रेल्वे स्थानकं, शाळा, सरकारी कार्यालयं, साड्या, कप, मोबाइलची वेष्टनं. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू भागातल्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी धडपड केली. मानांकन असूनही यंत्रावर छापलेली वारली नक्षी वाटेल तिथे विकली जाते आणि ती पाहून कोणालाही वाटतं की त्रिकोणावर त्रिकोण ठेवला की झालं वारली चित्र. फेरातल्या माणसांची पावलं कोणत्या चालीवर पडतात, तारपकरी डावीकडे का वळला, ताडाखाली बसलेले दोघं कोण, हे त्या नक्षीत नसतं. जो फेर एका पाड्याच्या रात्रीचा होता, तो सजावटीची किनार झाला.

गंजाड आणि आसपासच्या गावांत आज चित्रकारांची मोठी पिढी काम करते आहे. जिव्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू, मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ आणि इतर अनेक जण धरणं, महामार्ग, कारखाने, कमी होत चाललेलं जंगल यांवर चित्रं काढत आहेत. मुलीही पुढे येत आहेत. त्यांच्या कागदांवर या जिल्ह्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास उतरतो आहे. तो वाचायला मात्र नोंद हवी : चित्र कोणी काढलं, कोणत्या पाड्यावर, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगाचं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांबद्दल इतकं सांगता येतं, कारण त्यांच्या मागे खरेदीच्या पावत्या, प्रदर्शनांच्या याद्या आणि समीक्षकांचे लेख आहेत. पालघरच्या चित्रांमागे तसं काही जमवायचं काम अजून व्हायचं आहे.

हे काम जिल्ह्यातली महाविद्यालयं, ग्रंथालयं आणि इतिहास मंडळं करू शकतात. पाड्यावरच्या लग्नातला चौक त्या घरच्यांच्या परवानगीने टिपून ठेवावा, तो लिहिणाऱ्या सुवासिनींची नावं विचारून घ्यावीत, धवलेरीकडून तिची गाणी उतरवून घ्यावीत. अनेक धवलेऱ्या आणि तारपकरी आता वृद्ध आहेत, त्यामुळे हे उद्यावर टाकता येणार नाही. आणि वाचकाने वारली चित्र विकत घेताना एवढं तरी करावं : ते छापील नसून हाताने काढलेलं आहे ना हे पाहावं, मागे चित्रकाराचं नाव, गाव आणि साल लिहून मागावं आणि चित्रातली माणसं काय करत आहेत, हे त्यालाच विचारावं.